जुना ट्रॉलर घेण्याआधी : परळीच्या मिस्त्रींनी रत्नागिरीत काय पाहिले

परळी वैजनाथ आणि समुद्रातला ट्रॉलर यांचा संबंध काय, असा प्रश्न मथळा वाचून पुष्कळांना पडेल. प्रश्न रास्त आहे. आमच्या गावापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. उलट गावची ख्याती अशी की २०१३ साली आणि पुन्हा २०१५ साली पाणी नाही म्हणून येथील औष्णिक वीज केंद्राचे संच बंद ठेवावे लागले. खडका बंधारा आटला की वीज केंद्र थांबते, केंद्र थांबले की राख थांबते आणि राख थांबली की टिपर दारात उभे राहतात. ज्यांनी कर्जावर टिपर घेतले होते त्यांनी ते दिवस कसे काढले, हे परळीच्या व्यापारी बांधवांना सांगण्याची गरज नाही.

त्या अनुभवानंतर काही जणांनी सगळा पैसा एकाच धंद्यात अडकवायचा नाही असे ठरविले. अशाच तिघांकडे २०२२ च्या उन्हाळ्यात रत्नागिरीहून एक प्रस्ताव आला. तिघांपैकी एक टिपरमालक, दुसरे भंगाराचे व्यापारी आणि तिसरे सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. टिपरमालकांची मुलगी तिकडे दिलेली आहे. व्याह्यांनी कळविले की मिरकरवाडा बंदरातला एक जुना ट्रॉलर विकायला निघाला आहे, मागणी अठरा लाखांची आहे. पैसा तुमचा, चालविणे आमचे, नफा ठरल्या हिश्श्याने वाटून घेऊ. व्याज नाही, बँकेचे हप्ते नाहीत, म्हणून प्रस्ताव तिघांनाही पटला. परंतु निवृत्त गृहस्थांच्या हिश्श्यात फंडाची रक्कम होती आणि टिपरमालकांच्या हिश्श्यात धाकट्या मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे होते. न पाहता पैसे द्यायचे नाहीत, एवढे मात्र ठरले. हिशेब लिहिणारा माणूस म्हणून मला बरोबर घेतले आणि लाकडाचा जाणकार म्हणून ट्रकच्या बॉड्या बांधणारे आमच्या गावचे एक वयोवृद्ध मिस्त्री निघाले. मिस्त्रींनी चाळीस वर्षांत शेकडो बॉड्या बांधल्या असतील, पण समुद्र पाहिला नव्हता. कोल्हापूरमार्गे आंबा घाट उतरून आम्ही मेच्या शेवटच्या आठवड्यात रत्नागिरीला पोचलो.

जाण्याची वेळ

ही वेळ व्याह्यांनी सुचविली होती आणि ती अगदी योग्य होती. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. मेच्या अखेरीस नौका पाण्यात चालू स्थितीत पाहता येते आणि लगेच ती ओढून किनाऱ्यावर घेतली की तिचा तळ पाहता येतो. जुलैमध्ये गेलात तर तळ खरवडून, भेगा बुजवून, वर नवा रंग मारलेला असतो. रंगाखाली काय आहे ते विकणाऱ्यालाच माहीत. तेव्हा पहिली अट अशी घाला की सौदा ठरेपर्यंत नौकेला लुकण आणि रंग लावायचा नाही. या अटीला जो मालक सरळ हो म्हणतो त्याच्याशी पुढे बोलावे.

आमची नौका सुमारे अट्ठेचाळीस फुटी, लाकडी, वरून फायबरचे आवरण चढविलेली, ट्रॉलच्या जाळ्याची होती. ट्रॉलचे जाळे नौकेच्या मागे पाण्यातून तासन् तास ओढले जाते. जाळ्याचे तोंड उघडे ठेवण्यासाठी दोन बाजूंना जड फळ्या असतात, त्यांचे दोर विंचवर गुंडाळतात आणि विंचला जोर इंजिनाचा. म्हणजे ही नौका नुसती माल वाहणारी नाही, ती सतत ओझे ओढणारी आहे. हे ऐकल्याबरोबर टिपरमालक म्हणाले, "मग हा ट्रक नाही, हा ट्रॅक्टर झाला." ही तुलना ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ट्रॅक्टर घेताना आपण टपाचा रंग पाहत नाही, जिथे ओढ बसते तो भाग पाहतो. ट्रॉलरची ओढ विंचच्या पायावर, मागच्या भागातल्या लोखंडी कमानीवर, इंजिनाच्या बैठकीवर आणि तिथून सगळ्या कण्यावर बसते. पुष्कळ नौका मुळात साध्या जाळ्यासाठी बांधलेल्या असतात आणि नंतर त्यांवर विंच बसविलेला असतो. अशा नौकेत विंचखालची लाकडे पातळ निघतात. डेकवर विंचच्या बोल्टांभोवती फळी दबली आहे का आणि खाली वाकून पाहिल्यास आडव्या तुळया जादा घातल्या आहेत का, ते पाहावे.

इंजिन : थंड असतानाच पाहा

इंजिनाचे काम टिपरमालकांनी स्वतःकडे घेतले, कारण नौकेवर अशोक लेलँडचे सहा सिलिंडरचे इंजिन होते आणि त्या जातीची इंजिने त्यांनी आयुष्यभर वापरली. सकाळी फजरनंतर लगेच आम्ही जेटीवर गेलो. आधी त्यांनी इंजिनावर हात ठेवला. ते थंडगार होते. ही साधी गोष्ट आहे, पण गिऱ्हाईक येणार म्हणून अर्धा तास आधीच गरम करून ठेवलेले इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होते आणि त्याचा दोष झाकला जातो. मग तेलाची कांडी काढून पाहिली. तेल काळे असले तर हरकत नाही, दुधाळ असले तर पाणी आत शिरते आहे. सुरू केल्यावर पहिला धूर पांढरा निघून थोड्या वेळात विरला पाहिजे. निळा धूर राहिला तर इंजिन तेल जाळते, ओझ्याखाली काळा धूर राहिला तर डिझेल नीट जळत नाही किंवा पंखा इंजिनाला जड आहे.

इथपर्यंत टिपरचेच शास्त्र. पुढे फरक आहे. टिपरला रेडिएटर असतो, नौकेला समुद्राचे पाणी थंडाव्यासाठी खेळवावे लागते आणि खारे पाणी नळ्या आतून खाते व क्षाराने बुजवितेही. म्हणून बाहेर पडणारे पाणी भरपूर आणि एकसारखे येते का, ते अर्धा तास इंजिन चालवून पाहिले. इंजिन नौकेसाठीच तयार झालेले आहे की ट्रकचे जुने इंजिन बदल करून बसविले आहे, हेही विचारावे. बदल केलेले वाईटच असते असे नाही, पण त्याची किंमत तशी धरावी. गिअर पुढे आणि मागे टाकून दोर बांधलेल्या स्थितीत जोर लावून पाहावा. त्या वेळी एकाने इंजिनाच्या बैठकीवर नजर ठेवावी. इंजिन थरथरणे निराळे आणि बैठकीसकट हलणे निराळे. आमच्या नौकेत बैठकीच्या एका बाजूला नटाभोवती ताजी गंजाची पूड दिसली. पूड ताजी म्हणजे तिथे लोखंड लाकडावर घासते आहे. हे मी वहीत लिहून घेतले.

त्याच दिवशी तळात साचलेल्या पाण्याची पातळी खडूने खूण करून ठेवली आणि पंप न लावता दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिली. चार बोटे पाणी वाढले होते. आम्ही घाबरलो. तांडेल हसला आणि म्हणाला, "चाचा, लाकडी होडी थोडी रडतेच. रोज किती रडते ते विचारा." त्याचे म्हणणे खरे आहे. थोडे पाणी येणे हा दोष नव्हे, ते कुठून येते हे महत्त्वाचे. शाफ्ट बाहेर जातो तिथून थेंब थेंब पडणे चालते. कण्याच्या बाजूने झिरपणे चालत नाही.

लाकूड : आवाज आणि टोचा

अमावास्येच्या उधाणाच्या भरतीला नौका खाडीच्या काठावर ओढून घेतली. पाणी ओसरल्यावर आमच्या मिस्त्रींची पाळी आली. त्यांनी खिशातून सुतळीचे बंडल काढले. ट्रकची चेसिस वाकली आहे का हे ते जसे पाहतात तसेच त्यांनी नौकेचा कणा पाहिला. हे तळाचे लांब अखंड लाकूड, कोकणात त्याला पठाण म्हणतात. पुढून मागपर्यंत सुतळी ताणली आणि मधले अंतर मोजले. जुन्या नौकेची दोन्ही टोके हळूहळू खाली झुकतात आणि मधला भाग वर राहतो, कारण टोकांना पाण्याचा आधार कमी मिळतो आणि वजन मात्र असते. थोडा बाक वयाचा धरावा, पण बाक मोठा असेल किंवा एकाच ठिकाणी मोड असेल तर त्या जागी सांधा सुटलेला असतो. मग मागे दूर उभे राहून दोन्ही कुशी सारख्या आहेत का ते पाहिले. एक कूस फुगलेली दिसली तर त्या बाजूची आतली वाकवलेली लाकडे तुटलेली असू शकतात.

त्यानंतर दोन तास हातोडीचेच काम चालले. लहान हातोडीने फळी हलके ठोकत जायचे. निरोगी लाकूड टणक आवाज देते, कुजलेले लाकूड भद्द वाजते. जिथे आवाज बदलतो तिथे खडूने गोल करायचा आणि मग टोचा खुपसून पाहायचा. टोचा सहज अर्धा इंच गेला तर लाकूड गेले. ठोकण्याचा कान मिस्त्रींचा तयार होता, पण कुठे ठोकायचे हे त्यांना माहीत नव्हते. ते पाण्याखालचा भागच तपासत बसले. आमच्या पैशाने लावलेले तिथले एक नौका बांधणारे सुतार बरोबर होते. ते म्हणाले, "मिस्त्री, खारे पाणी लाकडाला लोणच्यासारखे ठेवते. होडी कुजते ती गोड्या पाण्याने. वर चला."

ही गोष्ट आम्हा डोंगरपठारावरच्या लोकांना नवी होती. पावसाचे पाणी डेकच्या भेगांतून आत जाते, कोपऱ्यात साचते आणि तिथे बुरशी लाकूड खाते. बर्फ ठेवण्याच्या खणाखाली वितळलेले पाणी मुरते, तीही तशीच जागा. केबिनच्या पायाशी, डेक आणि कूस जिथे मिळतात त्या कडेला, नाळेच्या वरच्या टोकाशी आणि अगदी मागच्या फळीच्या वरच्या भागात टोचा चालवावा. आमच्या नौकेत खणाखालच्या दोन तुळया गेलेल्या निघाल्या. वरून त्यांना व्यवस्थित तेल लावलेले होते.

खाऱ्या पाण्यातला शत्रू निराळा आहे. लाकूड पोखरणारा समुद्री किडा लहानपणी टाचणीच्या डोक्याएवढ्या भोकातून आत शिरतो आणि आतच वाढत, बोटाएवढे बोगदे करीत जातो. बाहेरून फळी धड दिसते, आत मधाच्या पोळ्यासारखी झालेली असते. त्यासाठीच पूर्वी तळाला तेल-राळेचे लेप देत आणि आता फायबरचे आवरण चढवितात. कोचीनच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने या किड्यावर आणि लाकूड टिकविण्याच्या उपायांवर अनेक वर्षे काम केले आहे. आवरण अखंड असेपर्यंत किडा येत नाही, हे खरे. पण आवरणाला चीर पडली, नौका वाळूवर घासून कण्याखालचे फायबर झिजले, की किड्याला दार मिळते आणि पाणी आवरणाच्या व लाकडाच्या मध्ये कोंडून राहते. कोंडलेले पाणी बाहेर पडू शकत नाही, त्यामुळे अशी फळी उघड्या लाकडापेक्षा लवकर खराब होते. फायबर पाहायचे तर एक रुपयाच्या नाण्याने टकटक करीत जावे. जिथे आवरण लाकडापासून सुटले आहे तिथे पोकळ आवाज येतो, भिंतीचा गिलावा सुटल्यावर येतो तसा. तळहाताएवढे एखादे ठिकाण चालते. हातभर लांब पट्टा पोकळ वाजला तर तेवढे फायबर काढून आतली फळी दाखवा, असे सांगावे.

पूर्ण फायबरची नौका असेल तर किड्याची भीती नाही, पण आतल्या बळकटीच्या पट्ट्यांमध्ये पुष्कळदा लाकूडच घातलेले असते. त्या पट्ट्यांना कोणी बोल्टसाठी भोके पाडली असतील तर आतले लाकूड भिजते. तळावर फोड आलेले दिसले तर एखादा फोडून पाहावा. आंबट वासाचे पाणी निघाले तर फायबरमध्ये पाणी मुरते आहे.

नौका वाळल्यावर फळ्यांमध्ये फटी दिसतात, त्याने मात्र दचकू नये. उघड्या लाकडाच्या फळ्या उन्हात आकसतात आणि पाण्यात टाकल्यावर फुगून मिळतात. सांध्यातला कापूस आणि लुकण बदलणे हा दर हंगामाचा खर्च आहे.

आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा. ३ जून २०२० ला निसर्ग आणि मे २०२१ मध्ये तौक्ते, अशी दोन वादळे कोकणावर येऊन गेली. पुष्कळ नौका एकमेकांवर आदळल्या, काही खडकावर चढल्या. तुमची नौका त्या वेळी कुठे होती, असे विचारायचे आणि मालकाबरोबर शेजारच्या नौकेवाल्यालाही विचारायचे. आमच्या नौकेच्या डाव्या कुशीला तीन फळ्या बाकीच्यांपेक्षा नव्या होत्या. मालकाने सांगितले की तौक्तेत मार बसला होता. त्याने लपविले नाही, याचे आम्हाला बरे वाटले. फळ्या बदलल्या होत्या, पण आत पाहिले तेव्हा त्यांच्या मागचे एक वाकवलेले लाकूड तडकलेलेच ठेवले होते.

लोखंड आणि पितळ

धातूचे काम भंगारवाल्या भागीदारांचे. ते पंख्याजवळ गेले आणि त्यांनी नखाने घासून पाहिले. पंखा पितळी असतो. खाऱ्या पाण्यात पितळ, लोखंड आणि तांबे जवळजवळ असले की बॅटरीसारखा प्रवाह सुरू होतो आणि हलका धातू झिजत जातो. ती झीज पंख्याला आणि शाफ्टला लागू नये म्हणून तळाला जस्ताच्या वड्या लावतात. जस्त आधी झिजते आणि बाकीचे वाचते. वड्या निम्म्या खाल्लेल्या असतील तर त्या काम करीत आहेत असे समजावे. वड्या नसतील तर तिथे पितळाचे जस्त निघून गेलेले असते. असे पितळ तांबूस-गुलाबी दिसते आणि वाजविल्यावर घंटेसारखे वाजत नाही. आमचा पंखा गुलाबी नव्हता, पण वड्यांच्या जागी नुसत्या बोल्टच्या खुणा होत्या. "तराजूत टाकला तर पंख्याचे पैसे मी देईन," भंगारवाले म्हणाले, "पण याच्या भरवशावर समुद्रात जाणार नाही." शाफ्टला धरून वरखाली हलवून पाहिले. बुश झिजला असेल तर शाफ्ट खटखट करतो.

मग प्रश्न आला बोल्टांचा. कणा, त्यावरची आडवी लाकडे आणि इंजिनाची बैठक हे सगळे लांब लोखंडी बोल्टांनी जोडलेले असते. बोल्टचे डोके आणि नट ही दोन्ही टोके डोळ्यांना दिसतात आणि तीच धड राहतात. गंज चढतो तो मध्ये, जिथे दोन लाकडांचा सांधा असतो आणि पाणी झिरपते. लाकडावर काळा डाग आणि लाल ओघळ ही त्याची खूण. लोखंड गंजते तेव्हा भोवतीचे लाकूडही मऊ होते, त्यामुळे नवा बोल्ट जुन्या भोकात पकड घेत नाही. वरून पाहून हे कळण्याचा मार्ग नाही. एक बोल्ट काढूनच पाहावा लागतो.

मालक तयार होईना. चांगला बसलेला बोल्ट कशाला हलवायचा, असे त्याचे म्हणणे. व्याह्यांनाही संकोच वाटू लागला. ते टिपरमालकांना बाजूला घेऊन म्हणाले, "समधीसाहेब, माणूस ओळखीचा आहे, एवढे ताणू नका." इथे सौदा मोडतो की काय अशी वेळ आली. शेवटी आमच्या मिस्त्रींनीच तोडगा काढला. ते मालकाला म्हणाले, "भाई, बोल्ट धड निघाला तर नव्या बोल्टचे आणि मजुरीचे पैसे माझे. खराब निघाला तर तो तुम्हाला आज ना उद्या काढायचाच आहे." मालक गप्प बसला आणि मग त्याने सुताराला खूण केली.

बैठकीजवळचा, गंजाची पूड दिसली होती तिथला बोल्ट काढला. दोन्ही टोकांना तो अंगठ्याएवढा जाड होता आणि मध्ये पेन्सिलीएवढा. मालकानेही तो हातात घेऊन पाहिला. त्याचा चेहरा उतरला. मला वाटते त्यालाही खरोखर कल्पना नव्हती. आपल्याकडे ऐब लपवून माल विकणे जायज नाही, पण ज्या ऐबाची विकणाऱ्यालाच खबर नाही तो शोधणे घेणाऱ्याचे काम आहे.

कागद

निवृत्त गृहस्थ एवढा वेळ सावलीत बसून फाईल वाचत होते. जुन्या नौकेच्या किमतीत लाकूड-लोखंडाइतकाच वाटा परवान्याचा असतो, हे त्यांनी आम्हाला समजावले. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला करणारे पोरबंदरची 'कुबेर' ही मच्छिमार नौका पळवून आले होते. तेव्हापासून नौकांची नोंदणी, क्रमांक आणि खलाशांची ओळखपत्रे यांबाबत कडक धोरण आले आणि त्याची झळ प्रामाणिक मच्छिमारालाही लागते. कुशीवर रंगविलेला क्रमांक, नोंदणीपत्रावरचा क्रमांक आणि इंजिनावर ठोकलेला क्रमांक व त्याची कागदावरची नोंद, हे सर्व जुळले पाहिजे. इंजिन बदलले आणि कागदात जुनेच राहिले, असे पुष्कळदा होते.

परवाना कोणत्या जाळ्याचा आहे ते पाहावे. राज्य शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीन जाळ्याच्या मासेमारीवर निर्बंध आणले, हंगाम १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढाच ठेवला आणि नवे परवाने थांबविले. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये एलईडी दिव्यांच्या प्रकाशातली मासेमारी आणि दोन नौकांनी मिळून एक ट्रॉल ओढणे बंद केले. १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन दंडाच्या रकमा लाखांच्या घरात गेल्या. नौकेवर मोठा जनित्र संच आणि दिव्यांसाठी केलेली जोडणी दिसली तर मालकावर खटला किंवा दंड बाकी आहे का, याची मत्स्यव्यवसाय खात्याच्या कचेरीत लेखी चौकशी करावी. कर्जाचा बोजा, विम्याची मुदत, मच्छिमार सोसायटीचे येणे-देणे आणि नाव बदलल्यावर डिझेलची सवलत पुढे चालू राहते की नाही, हेही सोसायटीत जाऊन विचारावे.

एक बाब कोणत्याच कागदावर नसते. हंगामाआधी खलाशांना उचल दिलेली असते. रत्नागिरीकडे नेपाळपासून कर्नाटकापर्यंतचे खलाशी येतात. नौका विकली तर ही उचल कोणाची, हे सौद्यातच ठरवून घ्यावे. नाही तर ऑगस्टमध्ये नौका तयार आणि माणसे दुसरीकडे, अशी गत होते.

पुढे काय झाले

रात्री मुक्कामी हिशेब मांडला. कण्याचे आणि बैठकीचे सर्व बोल्ट बदलणे, दोन तुळया, एक वाकवलेले लाकूड, डाव्या कुशीचे थोडे फायबर, जस्ताच्या वड्या आणि शाफ्टचा बुश. सुतारांनी सांगितलेला खर्च मागणीच्या पावपट होता आणि कामाला पावसाळ्याचे दोन्ही महिने लागणार होते. नौका टाकाऊ मुळीच नव्हती. पण ती अठरा लाखांची नव्हती. आम्ही खर्च वजा जाता आकडा सांगितला, मालकाने तो मान्य केला नाही. सलाम करून उठलो.

व्याही काही महिने नाराज होते. ती नौका पुढे रायगडकडच्या एका मालकाने घेतली, सगळे बोल्ट बदलून घेतले आणि ती अजून चालते असे ऐकतो. आमच्या तिघांनी पुढच्या वर्षी, त्याच व्याह्यांमार्फत, थोडी लहान नौका घेतली. ती पाहायला पुन्हा तेच मिस्त्री गेले. या वेळी ते सरळ बर्फाच्या खणात उतरले.

भागीदारीचा करार स्टँप पेपरवर केला आहे. डिझेल, बर्फ, खलाशांचे वेतन व खाणे वजा जाता जे उरेल त्यातून आधी दुरुस्तीसाठी ठरलेला भाग बाजूला काढायचा आणि मग हिस्से करायचे, असे कलम निवृत्त गृहस्थांनी घातले आहे. पहिल्या हंगामात हिश्श्याला फार काही आले नाही. दुरुस्तीचा डबा मात्र भरलेला होता आणि जूनमध्ये तो कामी आला. व्याह्यांना हे कलम सुरुवातीला खटकले होते. आता त्यांनी आपल्या दुसऱ्या नौकेच्या भागीदारांशीही तेच लिहून घेतले आहे.

जाणाऱ्यांसाठी एक सूचना राहिली. विकणाऱ्याने आणलेल्या सुताराकडून तपासणी करून घेऊ नका. दुसऱ्या वाडीतला माणूस शोधा, त्याची मजुरी सौदा होवो न होवो आधी हातात द्या, आणि विमा कंपन्यांसाठी नौका तपासणारे सर्वेक्षक असतात त्यांच्याकडून लेखी अहवाल घ्या. दोघांचा मिळून जो खर्च येतो तो एका बोल्टच्या मजुरीपेक्षा जास्त असतो हे खरे. आम्ही तो तिघांत वाटून घेतला.